ओळख ना पाळख: गोव्यात नवीन आल्यावर फॅमिली डॉक्टर कसा शोधायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मिस्टरांच्या बदलीमुळे सांगलीहून पर्वरीला आलात, सोबत सासरे आहेत त्यांना शुगर आणि बीपी, मुलगी चार वर्षांची, बिल्डिंगमधले सगळे तुमच्यासारखेच बाहेरून आलेले त्यामुळे विचारायचं कोणाला, आणि मोबाइलवर स्टार बघून डॉक्टर ठरवणं मनाला पटत नाही. मी फोंड्यात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करते, एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी (एमडीच्या बरोबरीची पदवी) केलं, तर टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते. जरा लांबेल.

ओळखीतून नाव मिळालं नाही म्हणून फार मोठं काही हुकलं असं मुळीच समजू नका. लोक सांगतात काय, तर "त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे". आता साधा व्हायरल ताप बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत आपला आपण उतरतो. माणूस पहिल्या दिवशी एका डॉक्टरकडे जातो, तिथे पॅरासिटामॉल आणि पाणी भरपूर प्या एवढंच सांगतात, तिसऱ्या दिवशी कंटाळून दुसरीकडे जातो, तिथे इंजेक्शन आणि अँटिबायोटिक मिळतं, पाचव्या दिवशी ताप जातो आणि गुण कोणाच्या हाताला आला, तर दुसऱ्याच्या. खरं काम पहिल्याने केलेलं असतं. म्हणजे ओळखीतून जे कळतं ते डॉक्टरचा स्वभाव, बोलणं, फी, गर्दी किती असते एवढंच, आणि मोबाइलवरच्या स्टारमध्ये त्याच्या जोडीला पार्किंग आणि रिसेप्शनवरच्या मुलीचं वागणं येतं. डॉक्टर काम कसं करतो हे यातल्या कशातूनच कळत नाही, पण ते तुम्हाला स्वतःला एक-दोन भेटींत दिसू शकतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

आणि तुम्ही सगळे बरे असताना शोधताय हे सगळ्यात चांगलं. रात्री मुलगी तापाने फणफणली असताना जो मिळेल तो आपला डॉक्टर अशी वेळ येऊ देऊ नका.

आधी कागदावरचं बघून घ्या, त्याला घरबसल्या अर्धा तास लागतो. पाटीवर नावापुढे एमबीबीएस असावं, किंवा एमडी मेडिसिन, किंवा फॅमिली मेडिसिनमधलं एमडी किंवा डीएनबी. सोबत रजिस्ट्रेशन नंबर. तो नंबर क्लिनिकमध्ये, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशांच्या पावतीवर दिसला पाहिजे असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे, फी किती तेही दर्शनी भागात लावायला त्यात सांगितलंय. गोव्यात नोंदणी गोवा मेडिकल कौन्सिलकडे होते, आणि नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर भारतभरच्या डॉक्टरांचं रजिस्टर आहे तिथे नाव किंवा नंबर टाकून बघता येतं. महाराष्ट्र किंवा कर्नाटकात शिकलेले पुष्कळ डॉक्टर गोव्यात आहेत, त्यांचं नाव दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलमध्ये दिसलं तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण कुठेच दिसलं नाही तर मात्र तिथे जाऊ नका.

बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांबद्दल लोक दबकत विचारतात, म्हणून सरळच सांगते. त्यांची नोंदणी वेगळ्या मंडळाकडे असते आणि आपापल्या शास्त्रात काम करणारे चांगले वैद्य, चांगले होमिओपॅथ मी बघितलेत, त्यांच्याकडे पेशंटही पाठवलेत. तुम्हाला आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर आयुर्वेदिक डॉक्टरकडे जरूर जा. अडचण येते ती पाटी एका शास्त्राची आणि चिठ्ठीवर औषधं दुसऱ्याची असं असलं की. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने एका होमिओपॅथ डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली त्या केसमध्ये, जे शास्त्र शिकलाच नाहीत त्याची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असा निकाल दिलाय. सासऱ्यांना शुगर, बीपी दोन्ही आहे, त्यांच्या गोळ्या अ‍ॅलोपॅथीच्या आहेत, तर त्यांच्यासाठी ते शास्त्र शिकलेलाच डॉक्टर बघा.

उलट बाजूची चूक पण होते. पैसे आहेत, इन्शुरन्स आहे, म्हणून लोक थेट हार्टच्या डॉक्टरलाच फॅमिली डॉक्टर करून टाकतात. तो माणूस त्याच्या विषयात कितीही मोठा असला तरी सासऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं, रात्री चार वेळा उठावं लागणं, सांगली सुटल्यामुळे लागलेली चुटपुट हे सगळं एकत्र बघायला त्याच्याकडे वेळ नसतो आणि ते त्याचं काम पण नाही.

मग अंतर. गोवा छोटा आहे, कुठेही पटकन पोचू असं वाटतं, म्हणून लोक पर्वरीत राहून मडगावचा डॉक्टर धरतात, तसं करू नका. घरापासून पंधरा-वीस मिनिटांत, शक्यतो हायवे ओलांडायला न लागता. जिना आहे का बघा, जुन्या घरांत पहिल्या मजल्यावर अरुंद लाकडी जिन्याने वर जावं लागतं अशी क्लिनिकं अजून आहेत, सासऱ्यांना आज जमेल पण दोन वर्षांनी? गोव्यात दुपारी एकपासून चारपर्यंत बहुतेक क्लिनिकं बंद असतात, संध्याकाळी परत उघडतात, हे नवीन माणसाला माहीत नसतं आणि दोन वाजता जाऊन कुलूप बघून परत येतात. रविवारी काय, आणि चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला काय हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, कारण चवथीच्या दिवसांत अर्धा गोवा आपापल्या गावच्या घरी असतो, त्यात आम्ही डॉक्टर पण आलो. "तुम्ही नसाल तेव्हा आम्ही कोणाकडे जायचं?" असं डॉक्टरला विचारा. ज्याने याचा विचार केलाय तो लगेच एक नाव आणि फोन नंबर देतो.

आता पहिली भेट. माझ्या मते सासऱ्यांना घेऊन जा, तीच उत्तम परीक्षा आहे, कारण शुगर-बीपीच्या म्हाताऱ्या माणसाला नीट बघायला जे लागतं ते सगळं फॅमिली डॉक्टरचं काम आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, चालू असलेल्या, बंद केलेल्या, चूर्णं, मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या, सगळ्या एका पिशवीत भरून न्या. चांगला डॉक्टर ती पिशवी टेबलावर ओततो. खरंच ओततो, आणि एकेक पाकीट उलटं करून मागचं बारीक नाव वाचतो. माझ्याकडे अशा पिशव्यांतून काय काय निघतं सांगू, एक पाकीट साध्या टेल्मिसार्टनचं, म्हणजे बीपीच्या गोळीचं, दुसऱ्या कंपनीचं दुसरं पाकीट टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेलं, वरची नावं वेगळी म्हणून आजोबा दोन्ही घेतायत, एक सकाळी एक रात्री, आणि उठल्यावर चक्कर येते म्हणून तिसरी गोळी चक्करची. तिथे कोणीतरी आतलं औषध एकच आहे हे वाचायला पाहिजे होतं. पहिल्या भेटीत डॉक्टरने एखादी गोळी कमी केली, का केली ते समजावून सांगितलं, तर मी त्याला मोठा गुण देईन.

बीपी कसा घेतात ते बघा. जिना चढून आलेल्या माणसाला खुर्चीवर टेकल्या टेकल्या पट्टा बांधला तर येणारा आकडा त्याचा नसतो, जिन्याचा असतो. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर, शर्टाची बाही वर करून, आणि त्या वेळात बोलायचं नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाचा दोन्ही हातांचा घ्यायचा. शुगर असलेल्या वयस्कर माणसाचा बसून घेतल्यावर उभं करून पण घ्यायचा, कारण उभं राहिल्यावर बीपी पडणारे पुष्कळ असतात आणि तेच रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडून घेतात. एवढं सगळं प्रत्येक भेटीत प्रत्येकाचं होत नाही, गर्दीच्या दिवशी माझ्याकडूनही होत नाही, पण नवीन पेशंटच्या पहिल्या भेटीत व्हायला हवं.

मग पाय. "चप्पल काढा, मोजे काढा" म्हणून तळवे, बोटांच्या मधली जागा बघतो का? शुगरच्या पेशंटला तळव्याला लागलेलं कळत नाही, जखम चिघळल्यावरच कळतं, आणि पाय बघायला खर्च शून्य येतो. ज्या डॉक्टरने आपणहून पाय बघितले त्याच्याकडे मी माझ्या घरच्या माणसाला निर्धास्त सोपवेन. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या, किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन करा, दर तीन-सहा महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, करा, हे त्याने सांगितलं पाहिजे, तुम्ही विचारायची वाट न बघता.

आणि जेवणाचं विचारतो का बघा, नुसतं "गोड बंद करा" नव्हे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले त्यात देशात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांतला एक धरा. त्यामुळे शुगर बघायची सवय इथल्या प्रत्येक डॉक्टरला आहे, पण तुमचे सासरे आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाऊन आलेत आणि इथे आल्यावर दोन वेळा भात, सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो तो पाव, मध्येच उकड्या तांदळाची पेज, असं सुरू झालं असणार. तीच गोळी, तोच डोस, आणि शुगर मात्र वर. "इथे आल्यापासून खाण्यात काय बदललं" हा एक प्रश्न विचारणारा डॉक्टर लॅबच्या दोन रिपोर्टांइतकं काम करतो.

मुलीसाठी कसोटी याहून सोपी आहे. वजनाचा काटा. लहान मुलाचं औषध वजनावर ठरतं, वयावर नाही, त्यामुळे दर वेळी वजन करून ते चिठ्ठीवर लिहिलं पाहिजे. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे दोन ताकदींत मिळतं, पाच मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि पाच मिलीमध्ये २५०, दिसायला बाटल्या सारख्याच, तर "एक चमचा द्या" या सांगण्याला काही अर्थच उरत नाही. किती ताकदीचं, किती मिली, किती तासांनी, हे लिहिलेलं असावं. लसीकरणाचं कार्ड मागतो का बघा, आणि लसी तिथेच देत असेल तर फ्रिजबद्दल बिनधास्त विचारा, लसी २ ते ८ डिग्रीमध्ये ठेवायच्या असतात आणि गोव्यात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला कळेलच, तेव्हा लाइट गेल्यावर काय करता हा प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टरचा चेहरा वाकडा झाला तर तेही उत्तरच समजा.

आता ताप, कारण गोव्यात डॉक्टर पारखायचा तर तो तापात. जून ते ऑक्टोबर इथे डेंग्यू, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), थोडाफार मलेरिया, साधा व्हायरल, सगळे एकाच वेळी चालू असतात आणि पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचा चेहरा एकच, ताप, अंगदुखी, डोकेदुखी. तिथे डॉक्टरकडे पहिलं हत्यार प्रश्नच. शेतात, चिखलात उतरला होता का, धबधब्यावर गेला होता का, पायाला जखम आहे का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी होतेय का, हे लेप्टोसाठी. घराजवळ बांधकाम चालू आहे का, शेजारी कोणाला डेंग्यू झाला का, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, पोटात जोरात दुखणं, हे डेंग्यूसाठी. आणि जानेवारी ते मे मध्ये सत्तरी तालुक्याकडच्या माणसाला ताप आला तर काजूच्या बागेत गेला होता का, जंगलात गेला होता का, आसपास माकडं मेलेली बघितली का, कारण २०१५ पासून सत्तरीत माकडताप येतो, गोचिडीतून पसरतो, आणि वाळपई भागातल्या डॉक्टरच्या तोंडी हा प्रश्न आपोआप येतो. तुम्ही पर्वरीत राहता पण सुट्टीत सत्तरीच्या बाजूला फिरायला जाल, तर डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

तापाच्या पहिल्या दिवशी प्रश्न न विचारता, अंगाला हात न लावता, एक इंजेक्शन, एक अँटिबायोटिक आणि एक जोरदार पेनकिलर मिळाला तर तिथे परत जाऊ नका. डेंग्यूची शंका असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून पॅरासिटामॉलच. सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक्स २०१४ पासून एच-वन शेड्यूलमध्ये आहेत, फार्मसीवाल्याला ती देताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं लागतं, इतकी ती जपून वापरायची गोष्ट आहे. चांगला डॉक्टर पहिल्या दिवशी कदाचित फारच थोडं देईल आणि बरंच सांगेल, की उद्या संध्याकाळपर्यंत हे झालं तर थांबा, हे झालं तर लगेच या, रात्री असं झालं तर माझी वाट न बघता सरळ हॉस्पिटलात जा. हे ऐकून लोकांना वाटतं फी घेतली आणि दिलं काहीच नाही. पण परत कधी यायचं आणि कशाला घाबरायचं हे ज्याने नीट सांगितलं त्याने सगळ्यात महत्त्वाचं औषध दिलं, हे मी फार मनापासून सांगते, कारण लेप्टोचा पेशंट उशिरा हॉस्पिटलात पोचला तर किडनी निकामी होऊ शकते आणि तो बहुतेक वेळा तरणाताठा, शेतात राबणारा माणूस असतो.

आता चिठ्ठी. घरी आल्यावर निवांत वाचा. तारीख, नाव, वय, बीपीचा आकडा, काय झालंय असं वाटतं ते, औषधाचं मूळ नाव, किती दिवस. मूळ नावाने आणि वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असं २०१६ पासून आम्हाला सांगितलेलं आहे. ही चिठ्ठी फक्त फार्मसीसाठी नसते. उद्या रात्री सासऱ्यांना कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर तिथल्या ड्युटीवरच्या मुलाला हाच कागद वाचायचाय. काही क्लिनिकांत अजून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून देतात, पांढरी सकाळी, पिवळी रात्री. स्वस्त पडतं, फार्मसीत जायला नको, देणारा डॉक्टर वाईटच असतो असंही नाही, पण पुडीवर औषधांची नावं लिहून मागा. लिहून द्यायला नकार असेल तर पुडी तिथेच ठेवून या. डॉक्टरने स्वतःकडे पण नोंद ठेवली पाहिजे, फाइल असो, वही असो की कंप्युटर, दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असा नियमच आहे.

पुढे कुठे आणि कसं पाठवतो हे पहिल्या भेटीत दिसत नाही, पण फॅमिली डॉक्टरची खरी किंमत तिथे आहे. गोव्यात एक गोष्ट चांगली आहे, मेडिकल कॉलेज एकच मोठं, बांबोळीचं जीएमसी, १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या एस्कोला मेदिकापासून चालत आलेलं, आणि इथले अर्धेअधिक डॉक्टर तिथेच शिकलेले, त्यामुळे कुठल्या ओपीडीला कुठल्या वारी पाठवायचं, कोणाशी फोनवर बोलायचं हे त्यांना माहीत असतं. तुमच्या भागाला म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल आणि बांबोळी दोन्ही जवळ आहेत. डॉक्टर पाठवताना दोन ओळींची चिठ्ठी देतो का, काय शंका आहे ते लिहितो का, तिथून आल्यावर कागद परत दाखवायला सांगतो का, हे बघा. आणि दर वेळी त्याच एका लॅबला, त्याच एका प्रायव्हेट हॉस्पिटलला, दुसरीकडून केलेला रिपोर्ट बघायलाच तयार नाही, असं चालत असेल तर सावध व्हा. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं किंवा देणं आम्हाला स्पष्टपणे मना आहे. "मी ही टेस्ट दुसऱ्या लॅबमधून केली तर चालेल ना?" एवढंच हसून विचारा, उत्तरावरून कळतं.

छातीत दुखण्याचं वेगळं सांगते. सासऱ्यांच्या छातीत दुखलं, घाम आला, धाप लागली, तर फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकसमोर रांगेत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसतं गळून गेल्यासारखं, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग जड वाटतो, तेव्हा पण हेच. गोव्यात सरकारी हॉस्पिटलांमधून ईसीजी काढून जीएमसीच्या हृदयविभागाला पाठवतात आणि तिथून सल्ला घेऊन जागेवरच गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतात, स्टेमी गोवा म्हणून हा प्रकल्प आहे, त्यात वेळ वाचतो. नवीन डॉक्टरला शांतपणे विचारून बघा, "बाबांच्या छातीत रात्री दुखलं तर आम्ही काय करायचं?" "मला फोन करा, मी बघतो" हे ऐकायला फार बरं वाटतं, पण मला "आधी १०८, मग मला कळवा" म्हणणारा डॉक्टर जास्त आवडेल.

पैशाचं पण बोलून घेऊ. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाबद्दल तुम्ही ऐकलं असेल, २०१६ मध्ये सुरू झालं, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत, पण त्याला गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. तुम्हाला ते इतक्यात मिळणार नाही, तेव्हा मिस्टरांच्या कंपनीचा इन्शुरन्स सासऱ्यांना लागू आहे का ते आधी बघा. आणि तुमच्या भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र एकदा बघून या. लसीकरण तिथे उत्तम होतं, शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांच्या बदल्या होतात, एकच माणूस वर्षानुवर्षं मिळेलच असं नाही, ही त्यातली अडचण, पण बाकी कमी समजू नका.

भाषेची काळजी करू नका, कोंकणी बोलणारे इथले डॉक्टर मराठी समजतात, बोलतात. त्यापेक्षा एकांत बघा, आणि हे मी तुमच्यासाठी सांगते, सासऱ्यांसाठी नाही. पुष्कळ छोट्या क्लिनिकांत एक पेशंट तपासत असताना दुसरा आतच बाकावर बसलेला असतो, मध्ये नुसता पडदा. तुम्हाला उद्या पाळीचं, अंगावरून जाण्याचं, झोप लागत नाही, उगाच रडू येतं असं काही बोलायचं असेल तर तिथे तोंड उघडणार नाही. बदलीच्या गावी आलेल्या, नोकरी सोडलेल्या, दिवसभर म्हातारं माणूस आणि लहान मूल बघणाऱ्या किती बायका माझ्याकडे डोकं दुखतं म्हणून येतात, आणि बाहेर बसलेल्यांना थांबायला सांगून दार लोटून घेतलं की मग खरं काय ते निघतं. दार लोटून घेणारा डॉक्टर शोधा. बाई डॉक्टर हवी असेल तर संकोच करू नका, घरात दोन डॉक्टर असले तरी काही बिघडत नाही, एकाला दुसऱ्याचं माहीत असलं म्हणजे झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच उत्तर देतो का, यावर डॉक्टर ठरवू नका. २०२० पासून फोनवरून सल्ला द्यायला रीतसर नियम आहेत, रिपोर्ट दाखवायला, गोळीचा डोस विचारायला फोन छान, पण पुरळाचा फोटो पाठवून औषध मागितलं आणि "आणून दाखवा" असं उत्तर आलं तर ते तुमच्या भल्याचंच आहे.

दोन-तीन भेटी द्या. एका भेटीत डॉक्टर कळत नाही, त्या दिवशी गर्दी असेल, त्याच्याच घरात कोणी आजारी असेल. पण प्रश्न विचारल्यावर चिडला, "डॉक्टर तुम्ही की मी" म्हणाला, तर दुसरी भेट नको. आणि तुमच्याकडूनही एवढं करा, सासरे संध्याकाळी एखादा पेग घेत असतील, कोणी सांगितलं म्हणून काढा पीत असतील, गोळ्या महाग म्हणून दिवसाआड घेत असतील, तर खरं सांगा. ते लपवलं की आम्ही डोस वाढवत राहतो आणि नुकसान त्यांचंच होतं.

आज करायचं काम म्हणजे सांगलीच्या डॉक्टरांना फोन करा आणि सासऱ्यांचे जुने कागद मागा. जुने ईसीजी, शेवटची एचबीएवनसी, कुठली गोळी कधी सुरू केली, कशाची अ‍ॅलर्जी आली होती, एवढं एका पानावर लिहून दिलं तरी पुरे, फोटो काढून पाठवले तरी चालतील. जुना ईसीजी तर हवाच, नव्या डॉक्टरला आजचा बदल खरंच नवा आहे का जुनाच आहे ते त्यावरूनच कळतं. मग ते कागद आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी क्लिनिक उघडतानाच जा, सोमवारी जाऊ नका, रविवारची सगळी दुखणी त्या दिवशी आलेली असतात.